विद्युत्‌शक्तीचा प्रश्न परीक्षेत किती वेळा येतो?

दिल्लीच्या दक्षिण भागातील सरोजिनी नगर ही सरकारी कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत. १९५० नंतरच्या दशकात ती उभी राहिली, तेव्हा हा परिसर विनय नगर या नावाने ओळखला जात असे. केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त देशाच्या सर्व प्रांतांतून आलेली कुटुंबे येथे राहिली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. २०१६ साली केंद्र सरकारने या वसाहतीच्या पुनर्विकासास मान्यता दिली आणि तेव्हापासून जुन्या घरांच्या जागी उंच इमारती येऊ लागल्या. घरे बदलली, तरी घराघरांत दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीस होणारा एक संवाद काही बदललेला नाही. दहावी-बारावीची परीक्षा जवळ येते, मुलगा किंवा मुलगी पदार्थविज्ञानाचे पुस्तक उघडून बसते, आणि वडीलधाऱ्यांस विचारते: “विद्युत्‌शक्तीवर हमखास प्रश्न येतो का? आणि किती गुणांचा?”

प्रश्न व्यवहारी आहे. त्याची हेटाळणी करण्याचे कारण नाही. ज्याच्यापाशी वेळ थोडा आहे त्याने तो कोठे घालवावा, हे ठरविलेच पाहिजे. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे शक्य तितके नेमके उत्तर आपण पाहू, आणि त्या उत्तराच्या आड दडलेला, त्याहून अधिक उपयोगाचा असा दुसरा एक प्रश्नही शोधून काढू.

मोजमाप कसे करावे?

दिल्लीतील बहुतेक शाळा केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न आहेत. या मंडळाचा अभ्यासक्रम प्रत्येक घटकास किती गुण दिले आहेत हे आगाऊच जाहीर करतो. २०२४-२५ च्या अभ्यासक्रमानुसार दहावीच्या विज्ञानाची लेखी परीक्षा ८० गुणांची होती आणि त्यांपैकी १३ गुण ‘विद्युत्‌प्रवाहाचे परिणाम’ या घटकास होते. त्यात वीज आणि विजेचे चुंबकीय परिणाम अशी दोन प्रकरणे येतात. बारावीच्या पदार्थविज्ञानाच्या ७० गुणांच्या लेखी परीक्षेत स्थिरविद्युत आणि धाराविद्युत यांस मिळून १६ गुण, तर चुंबकीय परिणाम, विद्युत्‌चुंबकीय प्रवर्तन आणि प्रत्यावर्ती प्रवाह यांस मिळून १७ गुण होते. म्हणजे बारावीच्या पत्रिकेतील ७० पैकी ३३ गुण वीज आणि चुंबकत्व यांच्याभोवती फिरतात. महाराष्ट्रात राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकाच्या पहिल्या भागातही ‘विद्युतधारेचे परिणाम’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. दिल्लीची विद्यार्थिनी आणि तिची साताऱ्यातील मामेबहीण यांना या बाबतीत एकच वाट चालावी लागते.

परंतु हे सर्व गुण ‘शक्ती’चे नव्हेत. शक्ती हा त्या घटकांतील एक भाग आहे. मग नेमका किती? येथे मोजणाऱ्याची खरी अडचण सुरू होते. ज्या प्रश्नात ‘शक्ती’ किंवा ‘वॉट’ हा शब्द आला तेवढेच प्रश्न मोजले, तर संख्या लहान येते. परंतु पुढील प्रश्न पाहा: “दोन समान रोध प्रथम एकसरीत आणि नंतर समांतर जोडले, दोन्ही वेळा बॅटरी तीच. दोन्ही जोडण्यांत समान काळात निर्माण होणाऱ्या उष्णतेचे गुणोत्तर काढा.” यात शक्तीचे नाव कोठेच नाही, तरीही तिच्यावाचून प्रश्न सुटत नाही. रोहित्राच्या प्रश्नात, प्रत्यावर्ती प्रवाहाच्या शक्तिगुणकात, वितळतारेच्या प्रश्नात ती अशीच वेष पालटून येते. तेव्हा एकच पत्रिका दोन प्रामाणिक माणसांनी मोजली तरी त्यांचे आकडे जुळणार नाहीत. एकाने नाव मोजलेले असते, दुसऱ्याने काम मोजलेले असते.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे: ज्या घटकांत शक्ती येते त्यांना दरवर्षी निश्चित गुण आहेत, शक्तीची कल्पना उघड किंवा प्रच्छन्न रूपाने त्यांत येत राहते, मात्र अमुक वर्षी अमुक गुणांचा प्रश्न येईल असे भाकीत करण्यास आधार नाही. शिवाय पत्रिकेची घडणही बदलते. २०२४-२५ पासून या मंडळाने अकरावी-बारावीच्या पत्रिकांतील क्षमताधिष्ठित प्रश्नांचे, म्हणजे ज्ञान प्रत्यक्ष जीवनातील प्रसंगास लावून पाहणाऱ्या प्रश्नांचे, प्रमाण ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर नेले. अशा पत्रिकेत पाठ केलेल्या सूत्राची किंमत कमी होते आणि प्रसंग ओळखण्याची किंमत वाढते.

ही कल्पना पुन्हा पुन्हा का येते?

शक्ती आणि ऊर्जा हे शब्द रोजच्या बोलण्यात आपण एकमेकांच्या जागी वापरतो. शास्त्रात ते भिन्न आहेत. ऊर्जा म्हणजे केलेले किंवा करता येण्याजोगे कार्य. शक्ती म्हणजे ते कार्य होण्याचा वेग. विहिरीतून शंभर घागरी पाणी काढले ही झाली ऊर्जा; ते एका तासात काढले की दिवसभरात, हे सांगते ती शक्ती. एका सेकंदात एक जूल ऊर्जा खर्च झाली तर शक्ती एक वॉट होय.

विजेचा प्रवाह तारेतून जाताना किती उष्णता निर्माण होते याचा नियम जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली प्रसिद्ध केला. प्रवाह दुप्पट केला तर उष्णता चौपट होते, हे त्याने प्रयोगाने दाखविले. वाफेच्या यंत्रात मोलाची सुधारणा करणाऱ्या जेम्स वॉटचे नाव शक्तीच्या एककास द्यावे, असे विल्यम सीमेन्स याने १८८२ साली ब्रिटनमध्ये सुचविले, आणि १९६० साली आंतरराष्ट्रीय एककपद्धतीत त्या एककास स्थान मिळाले. वाफेच्या यंत्रावर काम करणाऱ्या माणसाचे नाव विजेच्या दिव्यावर छापले जावे, यातच या कल्पनेचे महत्त्व आहे. कोळसा, धबधबा, बैल, विद्युत्‌घट आणि सूर्यप्रकाश या सर्वांचे काम एकाच मापाने मोजता येते. परीक्षकास शक्ती प्रिय वाटते ती यामुळेच. तिच्या एका प्रश्नात दाब, प्रवाह, रोध, काळ आणि उष्णता या पाचही गोष्टींची ओळख तपासता येते, आकडेमोड चार ओळींत संपते आणि उदाहरण प्रत्येकाच्या घरातले असते.

तीन सूत्रे, एकच प्रश्न

विद्यार्थ्यास तीन सूत्रे शिकविली जातात. पहिले: शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. दुसरे: शक्ती म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. तिसरे: शक्ती म्हणजे दाबाचा वर्ग भागिले रोध. दुसरे सूत्र म्हणते, रोध वाढला की शक्ती वाढते. तिसरे म्हणते, रोध वाढला की शक्ती घटते. दोन्ही एकाच वेळी खरी कशी? पुष्कळ विद्यार्थी येथेच अडखळतात, आणि पुष्कळसे परीक्षक नेमके येथेच बोट ठेवतात.

उत्तर सोपे आहे. प्रवाह स्थिर असेल तर दुसऱ्या सूत्राचे म्हणणे लागू. दाब स्थिर असेल तर तिसऱ्याचे. म्हणून सूत्र निवडण्यापूर्वी स्वतःस विचारावे: येथे काय स्थिर आहे? शक्तीवरील जवळजवळ सर्व प्रश्न या एका प्रश्नाची निरनिराळी रूपे आहेत. तीन उदाहरणे घेऊ.

दिव्यावर ‘२२० व्होल्ट, १०० वॉट’ असे लिहिले आहे. तो ११० व्होल्टवर लावला तर किती शक्ती घेईल? दाब निम्मा, म्हणून शक्तीही निम्मी, असे घाईने उत्तर येते. ते चूक आहे. येथे शक्ती स्थिर नाही, प्रवाहही नाही. स्थिर मानला आहे तो दिव्याचा रोध. २२० चा वर्ग भागिले १०० म्हणजे ४८४ ओहम. दाब निम्मा झाला की प्रवाहही निम्मा होतो, म्हणून शक्ती चतुर्थांश, म्हणजे २५ वॉट.

आता २२० व्होल्टचेच १०० वॉट आणि ६० वॉटचे दोन दिवे घ्या. घरात ते समांतर जोडलेले असतात. दोघांस दाब तोच मिळतो आणि १०० वॉटचा दिवा अधिक उजळतो. तेच दोन दिवे एकसरीत जोडून २२० व्होल्टला लावले, तर दोघांतून प्रवाह तोच जातो. ६० वॉटच्या दिव्याचा रोध अधिक, सुमारे ८०७ ओहम. तो सुमारे २३ वॉट घेतो, तर १०० वॉटचा दिवा अवघे १४ वॉट. लहान दिवा मोठ्याहून अधिक प्रकाश देतो! स्थिर राशी बदलली आणि निकाल उलटला.

तिसरे उदाहरण सरोजिनी नगरच्या जमिनीखालचे आहे. ६ ऑगस्ट २०१८ रोजी मेट्रोच्या पिंक लाइनवरील सरोजिनी नगर हे भुयारी स्थानक सुरू झाले. दिल्ली मेट्रोच्या या मार्गावरील गाड्यांस २५,००० व्होल्ट दाबाने वीज दिली जाते. इतका मोठा दाब कशासाठी? परीक्षेत हा प्रश्न ‘दूरवर वीज वाहून नेताना दाब का वाढवितात’ अशा रूपाने भेटतो, आणि पुष्कळ विद्यार्थी गोंधळून म्हणतात, “दाबाचा वर्ग भागिले रोध हे सूत्र लावले तर तारेतील हानी वाढेल!” पुन्हा विचारा: स्थिर काय आहे? गाडीस हवी असलेली शक्ती स्थिर आहे. तीच शक्ती अधिक दाबाने दिली की प्रवाह कमी लागतो. २३० व्होल्टऐवजी २५,००० व्होल्ट घेतले तर प्रवाह सुमारे १०९ पटींनी कमी होतो आणि त्याच तारेतील उष्णतेच्या रूपाने होणारी हानी सुमारे बारा हजारांवा भाग उरते. विद्यार्थ्याची चूक अशी की, २५,००० व्होल्ट हा पुरवठ्याचा दाब आहे. तारेच्या दोन टोकांमधील दाबाचा फरक नव्हे. तो फरक फार थोडा असतो.

पुस्तकातला दिवा आणि खरा दिवा

येथे एक कबुली दिली पाहिजे. ‘२५ वॉट’ हे उत्तर परीक्षेत पूर्ण गुण मिळविते. परंतु टंग्स्टनच्या तारेचा खरा दिवा ११० व्होल्टवर लावून मोजला तर तो २५ वॉटहून अधिक शक्ती घेतो. याचे कारण, धातूचा रोध तापमानाबरोबर वाढतो. पूर्ण तेजाने जळताना दिव्याची तार दोन हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापते, आणि तेव्हाचा तिचा रोध थंड असतानाच्या रोधाच्या दहापटींहूनही अधिक असतो. कमी दाबावर तार तितकी तापत नाही, रोध तितका वाढत नाही, आणि म्हणून प्रवाह अपेक्षेहून अधिक जातो. ज्यांच्या शाळेत मल्टिमीटर आहे त्यांनी जुन्या तारेच्या दिव्याचा रोध तो होल्डरमधून काढलेला व थंड असताना मोजून पाहावा. ४८४ ओहम कोठेच आढळणार नाही. पुस्तक चुकीचे आहे असा याचा अर्थ नाही. पुस्तकाने ‘रोध स्थिर’ असे गृहीत धरले होते. गृहीत काय धरले हे ओळखणे हाही त्याच प्रश्नाचा, ‘स्थिर काय आहे’ या प्रश्नाचा, पुढचा धडा आहे.

युनिट आणि बिल

वीजबिलावर जे ‘युनिट’ छापलेले असते ते शक्तीचे नव्हे, ऊर्जेचे माप होय. एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट, म्हणजे एक किलोवॉट-तास, म्हणजेच ३६ लाख जूल. २५० वॉटचा दूरदर्शन संच एक तास चालला आणि १२०० वॉटचा पाव भाजण्याचा टोस्टर दहा मिनिटे चालला, तर ऊर्जा कोणी अधिक घेतली? संचाने २५० वॉट-तास, टोस्टरने २००. मोठ्या वॉटचा आकडा पाहून जो टोस्टर असे म्हणतो, त्याने काळ स्थिर आहे असे न सांगताच मानले.

४०० वॉटचा फ्रिज रोज आठ तास चालला तर तीस दिवसांत किती खर्च, हा पाठ्यपुस्तकातील नेहमीचा हिशेब. ९६ युनिटे, तीन रुपये दराने २८८ रुपये. आता घरचे बिल हाती घ्या. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाच्या २०१९ सालच्या दरादेशात घरगुती विजेचा दर पहिल्या २०० युनिटांस ३ रुपये, तर पुढच्या २०० युनिटांस साडेचार रुपये होता. त्या दराने ३०० युनिटांचा ऊर्जाआकार ९०० रुपये होत नाही. २०० युनिटांचे ६०० आणि १०० युनिटांचे ४५०, असे १,०५० रुपये होतात. परीक्षेत दर स्थिर असतो. बिलावर तो पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. जी विद्यार्थिनी हा फरक स्वतः शोधून काढते, तिला सूत्र आठवण्यासाठी धडपड करावी लागत नाही.

जेथे चुकीची किंमत गुणांत होत नाही

आतापर्यंतच्या चुकांची शिक्षा फार तर दोन-तीन गुणांची होती. शेवटचे उदाहरण तसे नाही.

दिल्लीचा हिवाळा कडक असतो. स्नानाचे पाणी तापविण्यासाठी अनेक घरांत बादलीत सोडण्याचा रॉड वापरतात. समजा त्यावर १५०० वॉट असे लिहिले आहे. आज भारतात घरगुती पुरवठ्याचा प्रमाण दाब २३० व्होल्ट आहे. १५०० भागिले २३० म्हणजे सुमारे साडेसहा अँपिअर. भिंतीवरील लहान सॉकेट ६ अँपिअरचे असते. म्हणजे त्याची मर्यादा १३८० वॉट. मोठे १६ अँपिअरचे. त्याची मर्यादा ३६८० वॉट. रॉड लहान सॉकेटात बसतो आणि पाणीही तापते, म्हणून सर्व ठीक आहे असे वाटते. हिशेब मात्र तसे सांगत नाही. त्याच बोर्डाला एक्स्टेंशन जोडून खोली तापविण्याचा हीटरही लावला, तर प्रवाह दुप्पट होतो आणि भिंतीतील तारेत निर्माण होणारी उष्णता चौपट. जूलने १८४१ साली सांगितलेला नियम भिंतीआड शांतपणे आपले काम करीत असतो.

सैल झालेला सांधा याहूनही धोक्याचा. समजा, प्लगची पिन सॉकेटात घट्ट बसत नाही आणि तेथे अवघ्या अर्ध्या ओहमचा रोध निर्माण झाला आहे. सुमारे ३५ ओहमच्या संपूर्ण मंडलात अर्धा ओहम म्हणजे काहीच नव्हे. म्हणून प्रवाह जवळजवळ तितकाच, साडेसहा अँपिअर, राहतो. येथे प्रवाह स्थिर आहे. तेव्हा सूत्र दुसरे. साडेसहाचा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे सुमारे २१ वॉट. बादलीभर पाण्यास २१ वॉटचे काही वाटणार नाही. परंतु बोटाच्या पेराएवढ्या जागेत, प्लॅस्टिकच्या आवरणाआड, तास दोन तास २१ वॉट उष्णता साठत राहिली तर ते आवरण वितळते, काळे पडते आणि अखेर पेट घेऊ शकते. प्रवाह मर्यादेबाहेर गेलेला नसल्यामुळे वितळतार किंवा आपोआप तुटणारे स्विच अशा वेळी काहीच सूचना देत नाही. हाताला गरम लागणारा प्लग हीच सूचना. तो दिसताच बटण बंद करून ते सॉकेट वापरातून काढावे आणि परवानाधारक तारतंत्र्याकडून बदलून घ्यावे.

ज्या घरांची तारजोडणी दिवे, पंखा आणि रेडिओ एवढ्यासाठी झाली, त्या घरांत पुढे कूलर, गीझर आणि वातानुकूलन यंत्र आले. तार जुनीच आणि भार नवा, ही अवस्था केवळ एका वसाहतीची नाही. दादरच्या चाळीत आणि नागपूरच्या वाड्यातही ती आढळेल. अशा घरात नवे उपकरण आणण्यापूर्वी वॉटच्या आकड्यास २३० ने भागून पाहावे. हा भागाकार दहावीचा कोणताही विद्यार्थी करू शकतो, आणि घरात तो करणारा बहुधा तोच एकटा असतो.

अभ्यास कसा करावा?

मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका मंडळ स्वतः उपलब्ध करून देते. त्यांतून विजेवरील प्रश्न वहीत उतरवून घ्यावेत. नंतर ते सूत्रांनुसार किंवा गुणांनुसार न लावता चार रकान्यांत मांडावेत: ज्यांत दाब स्थिर आहे, ज्यांत प्रवाह स्थिर आहे, ज्यांत रोध स्थिर आहे आणि ज्यांत शक्ती स्थिर आहे. काही प्रश्न कोणत्या रकान्यात घालावे हे चटकन कळणार नाही. तेच प्रश्न सर्वांत अधिक शिकवितात. पाचसहा वर्षांच्या पत्रिका अशा मांडल्या की दिसून येईल, आकडे बदलले, दिव्याच्या जागी इस्त्री आणि इस्त्रीच्या जागी हीटर आला, तरी रकाने तेच राहिले.

तेव्हा घरातील मुलाने पुन्हा विचारले की, विद्युत्‌शक्तीचा प्रश्न किती वेळा येतो, तर त्यास मंडळाचे गुणपत्रक अवश्य दाखवावे. मग त्यास हिवाळ्याच्या सकाळी स्नानघराबाहेरील सॉकेटापाशी न्यावे, रॉडवर छापलेला आकडा वाचावयास सांगावा आणि भागाकार करावयास लावावा. परीक्षेत हा प्रश्न वर्षातून एकदा येईल. त्या सॉकेटापाशी तो रोज येतो.